मातीला लागली तर धरली

माझ्या बापानं पन्नास वर्षं मासे धरले आणि घरात एक खवला आणला नाही. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "मग जात होते कशाला?" आता याला काय उत्तर द्यायचं? लोक पत्ते खेळतात ते काय पत्ते खायला?

आई माळकरी. लग्न ठरताना तिनं म्हणे निरोप धाडला होता, की नवरदेवाला मासे धरायचा नाद आहे असं कानावर आलंय. तर मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि नवरदेवाच्या हातानं मरणारही नाही, हे कबूल असेल तरच अक्षता. दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता, नाहीतर सरळ खोटं बोलला असता. आबांनी तिसरंच केलं. मासा न मारता धरायची सगळी व्यवस्थाच त्यांनी बसवली.

व्यवस्था अशी. काठी वेळूची. गळाला जो उलटा काटा असतो, तो कानशीनं घासून गुळगुळीत केलेला, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ पटकन निघावा. जाळी कांद्याच्या गोणीची. लहान सायकलच्या रिंगला गोणीचं तोंड शिवलेलं, आणि गोणीचा तळ उसवून तो सुतळीनं बांधलेला, सुरगाठीनं. मासा वरून जाळीत घ्यायचा, काठावर आणायचा, त्याचं पोट एकदा काळ्या मातीला टेकवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मातीला लागला, धरला!" मग जाळी पुन्हा पाण्यात धरून तळाची सुतळी ओढायची. गाठ सुटते आणि मासा खालून निघून जातो. हात लावायचं कामच नाही. तो गेला की आबा म्हणणार, "टिंग टिंग." आबा एस.टी.त कंडक्टर होते. दोनदा टिंग म्हणजे गाडी सुटली.

ती जाळी मी शिवलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. मी सेलूत ब्लाऊज शिवते. एवढं सरळ शिवण मी गिऱ्हाइकाला पण देत नाही.

आबा राहतात वालूरला, एकटे. आईला जाऊन दोन वर्षं झाली. मी सासरी सेलूत, म्हणजे हाकेच्या अंतरावर म्हणा ना. धाकटा भाऊ पुण्यात, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला चारदा समजावून सांगितलं आणि चारही वेळा मी मान डोलावली. दर रविवारी मी दुकान बंद करते आणि आबांना घेऊन दुधनेच्या धरणाच्या पाण्यावर जाते. त्यांच्या मागं बसून मोटारसायकलवर जायचे दिवस संपले, आता स्कूटी मी चालवते आणि ते मागून "पुढं सरका, आत जागा हाय" असं रस्त्यातल्या शेळ्यांना सांगत बसतात. पाण्याकाठी गेलं की मला काय होतं कुणास ठाऊक, उगीचच हसू येतं. घरी नवरा म्हणतो, हिचं तोंड म्हणजे सदा फणफणलेलं. त्यानं मला कधी धरणावर बघितलेलंच नाही.

धरणाचं पाणी जिथं मागं पसरलंय, तिथं जुन्या बाभळी अर्ध्या बुडून उभ्या आहेत. त्यातल्या एका बाभळीच्या बुडाशी एक मरळ राहते. माझ्या हाताएवढी लांब, अंगानं मांडीएवढी. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू द्या. मरळीला मधून मधून वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून ती असल्याचं सगळ्यांना ठाऊक. डुबुक् करून वर येते, आपल्याकडं बघते आणि जाते. आबांचं आमिष तिनं किती वेळा खाल्लं असेल त्याला सुमार नाही. खायचं आणि पसार. आबांनी तिचं नाव ठेवलं होतं बिनतिकिटाची.

तर गेल्या वर्षी आबा अंगणात घसरून पडले आणि मनगट मोडलं. शेजारणीनं मला फोन केला, मी पुण्याला केला, आणि तिथून सगळं सुरू झालं. आईच्या वर्षश्राद्धाला सगळे पाहुणे जमले असताना भावानं विषय काढला. "आबा, आता पुण्याला चला. नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

आबा प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "बागंत पाणी हाय का?"

"कारंजं आहे."

"त्यात मासे?"

पाहुणे हसले. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "चेष्टा नको आबा. कधी येताय ते सांगा."

तेव्हा आबा सगळ्यांसमोर बोलून गेले, "येतो की. बिनतिकिटाचीला धरलं की दुसऱ्या दिवशी निघतो. तू धर, ही आक्का धरू दे, न्हाईतर मी धरतो. मातीला लागली की मी निघालो. शब्द म्हंजे शब्द."

पुन्हा सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझा बाप थापा मारेल, पण चारचौघांत दिलेला शब्द फिरवणार नाही, हे मला पक्कं माहीत. पन्नास वर्षं आईला दिलेला शब्द त्यानं पाळला होता ना! म्हणजे ती मासोळी मातीला लागली, की बाप पुण्याला. आणि बाप पुण्याला गेला की माझं माहेर म्हणजे एक कुलूप. मी मनाशी ठरवलं, जाळी तर माझ्याच हातात असते. आली वेळ तर चुकवीन. कुणाच्या बापाला कळणार नाही.

दिवाळीला भाऊ कार घेऊन आला. डिकीतून त्यानं एक लांबलचक पिशवी काढली. मला वाटलं, याला या वयात गिटार शिकायचं सुचलं. पिशवीतून निघाली मासे धरायची काठी! काळी, चमकणारी, तिला चक्री, चक्रीला दोरा, आणि सोबत एक डबा. डब्यात रबराचं हिरवं बेंडूक, पोटाखाली दोन गळ लपवलेलं.

आबांनी ते बेंडूक हातात घेतलं, दाबलं, उलटं केलं. "सायेब," भावाला ते लाडात आले की सायेब म्हणतात, "दुधनेत बेंडकांचा दुष्काळ पडलाय का?"

"व्हिडिओ बघितलेत मी आबा. मरळ यालाच येते. सहा महिने झाले, अभ्यास करतोय."

सहा महिने! मी दचकलेच. हा गडी खरोखर बापाला न्यायला आला होता. आबा कानस घेऊन बसले आणि त्या बेंडकाच्या दोन्ही गळांचे उलटे काटे घासून टाकले. "तुझ्या आईचा नियम हाय. पुण्याच्या गळाला बी लागू."

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. वाटेत ऊसतोडीला निघालेल्या लोकांचा ट्रॅक्टर लागला, मागं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं. आबांनी काच खाली करून सगळ्यांना हात केला आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, "ह्यांचं बरं हाय. कोयता घेऊन गेलेला माणूस गुढीपाडव्याला परत येतो. फ्लॅटमधी गेलेला म्हातारा फोटोत येतो."

"आबा!" भाऊ ओरडला.

"मी काय म्हनलो? पुढं बघून चालव."

कार कापसाच्या कडेला लावली. भावानं गुडघ्यापर्यंतचे बूट घातले, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि वरून पोहणाऱ्यांचं ते फुगलेलं केशरी जाकीट बांधलं. काळ्या रानात हा असा उभा! शेंदूर फासलेला म्हसोबा परवडला. कापूस वेचणारी एक बाई कंबर सरळ करून बघायला लागली आणि तिनं आबांना विचारलं, "आबा, ह्ये धरण मोजायला आलेत का?"

"न्हाई माय," आबा म्हणाले, "मला न्यायला आलाय." आणि मला जे हसू फुटलं ते मी तिथंच बांधावर बसले.

पाण्यावर पोचलो. आबा त्यांच्या दगडावर बसले, जाळी मांडीवर घेतली आणि नेहमीसारखे सुतळीशी चाळा करायला लागले. भावानं काठी जोडली, मोबाईलवर काहीतरी बघितलं, वाऱ्याची दिशा घेतली, आणि पहिलाच झोका असा टाकला की बेंडूक सरळ बाभळीच्या शेंड्यावर. ते काढायला अर्धा तास गेला. आबा खालून सांगत होते, "सायेब, मरळ झाडावर बसत न्हाई. लय झालं तर फांदीवर."

दुसऱ्या झोक्याला आणखी मजा. त्यानं काठी मागं घेतली, जोरात पुढं फेकली, आणि आबांच्या डोक्यावरची टोपी उडाली. गळ टोपीत! पांढरीशुभ्र टोपी हवेतून सूं करत गेली आणि पाण्यात पडून बदकासारखी तरंगायला लागली. आबा उघड्या डोक्यानं टोपीकडं बघायलेत, भाऊ आबांकडं बघायलाय, आणि मी तोंडात पदर कोंबलेला. शेवटी भावानं चक्री फिरवून टोपी काठावर ओढली. मी ओरडले, "मातीला लागली, धरली!"

"टिंग टिंग," आबा म्हणाले, आणि आम्ही तिघं जे हसत सुटलो! भावाचा चष्मा पडला, मला ठसका लागला, आबांच्या डोळ्यांतून पाणी. आई गेल्यापासून असे आम्ही हसलोच नव्हतो. मला वाटलं, झालं, आता हा विसरला पुणं-बिणं. आता दशम्या खाऊ, चटणी खाऊ आणि घरी जाऊ.

पण भाऊ चिवट. त्यानं ओली टोपी दगडावर वाळत घातली आणि तिसरा झोका टाकला. हा मात्र असा पडला, की मी बघतच राहिले. बेंडूक बाभळीच्या बुडापासून हातभर पलीकडं, अलगद. तो काठी हलके हलके झटकायला लागला आणि ते रबराचं बेंडूक खरोखर उड्या मारत यायला लागलं. डुबुक्. डुबुक्. आणि मग पाणी फुटलं! कुणीतरी धोंडा टाकावा तसा आवाज. काठी वाकून पार पाण्याला टेकली.

"आबा! आबा! आबा!" चाळिशीचा माणूस सहा वर्षांच्या पोरासारखा किंचाळत होता.

"ढील दे!" आबा दगडावर उभे राहिले. "अरं ढील दे, मुडद्या! आता वढ! बाभळीकडं जाऊ देऊ नको! डावीकडं, डावीकडं वळव!"

"बाबौ, केवढी ही!" हे मी. कारण ती आता दिसली होती. काळी पाठ, पांढरं पोट, शेपटीचा फटका असा की माझ्या तोंडावर पाणी. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात गेला होता, जाकीट फुगून त्याच्या हनुवटीला लागलेलं. आबांनी जाळी माझ्या हातात दिली. मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले.

आता खरं सांगते. मी चुकवणार होते. वर्षश्राद्धापासून मनात घोकलं होतं, उजवीकडं दाखवायची आणि डावीकडं घालायची. पण ती समोर आली, तोंड उघडून, डोळे लाल, अशी देखणी, आणि मी सगळं विसरले. बाप विसरले, पुणं विसरलं, माहेर विसरलं. आयुष्यात घातली नसेल इतकी नेमकी जाळी मी तिच्या तोंडाखाली घातली आणि उचलली. "आली! आली रे आली! धरली!"

भावानं काठी सोडून दोन्ही हात वर केले आणि पाण्यात नाचायला लागला. दोरा सैल पडला. मरळीनं एक हिसका दिला, काटा नसलेला गळ निघाला, बेंडूक जाळीत अडकलं. तरी मरळ जाळीतच होती. मी काठाकडं वळले. चार पावलं राहिली होती आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बये, काय केलंस हे! स्वतःच्या हातानं बाप पुण्याला पाठवलास! आणि त्याच क्षणी जाळी एकदम हलकी झाली.

खाली बघितलं तर गोणीचा तळ सताड उघडा, सुतळी लोंबतेय, आणि माझ्या दोन पायांमधून ती बया शेपटी हलवत सावकाश चाललीय.

मागून आवाज आला, "टिंग टिंग."

भाऊ थांबला. हात वरच. "धरली होती! जाळीत आली होती आबा! आक्का, तू बघितलंस!"

"मातीला लागली का?" आबांनी विचारलं.

"पण जाळीत..."

"मातीला लागली का, एवढंच सांग."

"नाही."

"मग सुटली. नियम नियम हाय."

भाऊ काठावर आला. त्यानं माझ्या हातातून जाळी घेतली आणि सुतळी बघितली. तुटली नव्हती. गाठ मारलेलीच नव्हती. "आबा, गाठ मारली नव्हती तुम्ही?"

"इसरलो गा. वय झालं."

"वय झालं, म्हणूनच चला म्हणतोय ना!" तो एकदम ओरडला. "उद्या गॅस बंद करायचा विसराल. परवा गोळी विसराल. पुण्यात फोन वाजला आणि आक्काचं नाव दिसलं की उचलायच्या आधी मी देवाचं नाव घेतो."

स्वतःच्याच थापेत असे सापडलेले आबा मी कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "इसरलो न्हाई. गाठ सोडून सुतळी नुसती गुंडाळून ठेवली होती."

"का?"

"मला न्हाई यायचं, लेका. शब्द देऊन बसलो चारचौघांत. फिरवायला तोंड न्हाई, आन तुला न्हाई म्हणायला जीव न्हाई. तू सहा म्हैने अभ्यास केलास तिच्यासाठी. मला वाटलं, तुला धरू बी द्यावं, आन जाऊ बी द्यावं."

भाऊ त्या केशरी जाकिटातच आबांच्या पायाशी मातीत बसला. रडत होता की हसत होता, मला मागून कळेना. खांदे हलत होते. आबांनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाच दशम्यांचं फडकं सोडलं, बांधलं, पुन्हा सोडलं.

मग भाऊ नाक पुसून म्हणाला, "काठी इथंच ठेवतो. दर महिन्याला येणार आहे मी. आणि जाळीची गाठ मी मारणार. तुमच्यावर भरवसा नाही."

"तुला येती का सुरगाठ?"

येत नव्हती. आबांनी शिकवली. पहिली सुटली, दुसरी पक्की बसली आणि मग ओढून निघेचना, तिसरी जमली. त्यानं दोनदा ओढून बघितली. तेव्हापासून तो दर महिन्याला येतो. सकाळी रेल्वेतून उतरला की सरळ धरणावर, आणि पाण्यात उतरायच्या आधी जाळी तपासतो. बिनतिकिटाची तिथंच आहे. त्याचं रबराचं बेंडूक मात्र तिनं आता ओळखलंय, ढुंकून बघत नाही.

त्या दिवशी परतताना भाऊ कार पुसत होता तेव्हा मी आबांना बाजूला घेतलं. मला राग आला होता. म्हटलं, "मला सांगायचं की आबा. तुमी कशाला गाठ सोडायची? मी चुकवणारच होते ना जाळी!"

आबांनी टोपी झटकली. अजून ओलसर होती. ती त्यांनी तशीच डोक्यावर घातली.

"तू?" ते म्हणाले. "तुला मासा दिसला की बाप दिसत न्हाई, माय. म्हणून तर सोडली."